वाघाला माफ, टायगरला फटका

सकाळी मोहर्ली गेटातून ताडोबात शिरलेल्या जिप्सीत सहा माणसं बसलेली असतात. वळणावर वाघ दिसतो. जिप्सीकडे ढुंकूनही न बघता तो एका सागाकडे पाठ करतो, शेपूट उभी करतो आणि बुंध्यावर सणसणीत पिचकारी मारतो. सहाही जणांचा श्वास अडकतो. गाइड दबक्या आवाजात सांगतो, "मार्किंग करून राहिला जी." कॅमेरे खटाखट चालतात. परतताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर काशीयात्रेचं पुण्य असतं, आणि त्यातला बरा फोटो दुपारच्या आत घराण्याच्या ग्रुपवर पोचून ढीगभर हात जोडून घेतो.

त्या सहांतले एक गृहस्थ चंद्रपूरचेच असतात. तुकुममधल्या घरी येऊन ते बूट काढतात, बैठकीत पाऊल टाकतात आणि मोजा ओला होतो. सोफ्याच्या पायाशी छोटंसं तळं. तळ्यापलीकडे चार महिन्यांचं पिल्लू, शेपूट हलवत उभं. "काऊन बे! आत्ता तर चांगला राहून राहिला होता!" इथे कॅमेरा निघत नाही. चप्पल निघते.

या जिल्ह्यात नावांची अदलाबदल केव्हाच होऊन गेली आहे. ताडोबातल्या वाघिणींची नावं माया, तारा, सोनम, माधुरी, बबली. हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची यादी वाटावी अशी. आणि घराघरांतली कुत्री म्हणजे टायगर, शेरू, वाघ्या. तेव्हा या लेखापुरतं आपल्या पिल्लाचं नाव टायगर धरायला हरकत नसावी. जात लॅब्राडोर म्हणून विकत घेतलेली, रंगरूपाने मात्र चौकातल्या गावरानी मंडळींशी नातं सांगणारी.

टायगरचा इतिहास बहुतेक घरांत सारखाच असतो. आल्या आल्या पंधरा दिवस युद्धकाळ: फडकी, रद्दी, पहाटेचे गजर, आणि "आता कोणाची पाळी" यावरून भावाबहिणीत खटके. मग एके दिवशी पिल्लू आपण होऊन दाराशी जातं, कुंईकुंई करतं, बाहेर नेल्यावर मेंदीच्या कुंपणाशी मोकळं होतं आणि घरात आनंदीआनंद होतो. आणखी आठवडा निभावतो. आई शेजारच्या काकूंना सांगते, "आमचा टायगर घरात कधीच करत नाही जी. गजब हुशार आहे." या वाक्यानंतर फार वेळ लागत नाही. काकू चहाला येतात आणि टायगर त्यांच्यादेखत देवघरासमोर कार्यक्रम उरकतो.

घराचा पहिला निष्कर्ष असा की पिल्लू बिघडलं. दुसरा, की ते मुद्दाम करतं. तिसरा आजीचा असतो आणि त्यात काकूंच्या नजरेचा उल्लेख येतो.

पशुवैद्यांना विचारलं तर ते वहीतून मानही वर करत नाहीत. बहुतेक पिल्लांची सवय पक्की व्हायला चार ते सहा महिने लागतात, काहींना वर्ष लागतं, आणि मधे अशा दोनतीन घसरगुंड्या होणारच, असं त्यांचं गणित. पण घरच्यांनी हे गणित मानलं तर चप्पल कोणावर काढायची हा प्रश्न उरतो.

चंद्रपुरात या प्रकरणाला स्थानिक गुंतागुंत फार. मे महिन्यात पारा ४६-४७ला टेकतो आणि घराघरांत कूलर घरघरू लागतात. वाळ्याच्या ताट्या भिजतात, टाकी ठिबकते, पंखा तुषार उडवतो आणि कूलरखाली कायमचं ओलं असतं. आता ते ओलं कूलरचं की टायगरचं? हा या शहरातला उन्हाळी प्रश्न आहे. घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाला वाकून वास घ्यायला लावतात. मुलगा सांगतो, कूलर. दुपारी कळतं, टायगर. कूलरच्या आडोशाने हा गडी तीन दिवस सुखाने सवय मोडत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. तोवर ती जागा त्याच्या डोक्यात पक्की झालेली असते.

मग तपास सुरू होतो, आणि इथे चंद्रपूरकर जन्मजात तयार. खाणी आणि २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र उशाशी असल्यामुळे घुग्घुसपासून दुर्गापूरपर्यंत कुठेही सकाळी पुसलेल्या फरशीवर संध्याकाळी काळी भुकटी साचते. त्या भुकटीवर ओल्या पायांचे ठसे स्वच्छ उमटतात. बाबा गुडघ्यावर बसून वनरक्षकाच्या गंभीरपणाने जाहीर करतात: इथून आला, इथे थांबला, इथे केलं, मग सोफ्यामागे गेला. जुन्या काळी वाघांची गणती अशीच व्हायची. पगमार्कवर काच ठेवून त्यावरून ठसा गिरवून घ्यायचा. २००६ सालापासून देशभरच्या मोजणीत कॅमेरा ट्रॅपवर भर आला. घरातला थोरला मुलगाही त्याच वाटेने जातो आणि जुना मोबाइल टीव्हीखाली लावून ठेवतो. रात्रभरच्या चित्रणात टायगर एकदाच दिसतो, मोबाइल चाटताना.

एवढा तपास करणारं घर एक साधी गोष्ट विसरतं. वाघाबद्दल त्यांना जे पाठ असतं, की जनावर वासाने जागा ओळखतं, ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने जातं, तेच सारं पिल्लालाही लागू आहे. पिल्लाच्या वेळा मात्र माणसांच्या हातात असतात, आणि त्या माणसांनी बिघडवलेल्या असतात.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला स्वतःहून लघवीसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि झालेलं तीच साफ करते. साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लू स्वतः मोकळं होऊ लागतं आणि निजायच्या जागेपासून दूर सरकतं. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांच्या पिढ्या वाढवून हे सगळं नोंदवलं. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. साधारण साडेआठ आठवड्यांपासून पिल्लं ठरावीक जागा धरू लागतात. जागा धरतात म्हणजे पायाखालची भुई धरतात. माती तर माती, गवत तर गवत, कागद तर कागद.

यातून इथे काय काय घडतं ते बघण्यासारखं आहे. मूल किंवा सिंदेवाहीकडच्या खेड्यातून आणलेलं पिल्लू शेणाने सारवलेल्या अंगणात वाढलेलं असतं. त्याच्या हिशेबी सारवलेली भुई हीच शौचालयाची खूण. शहरातल्या टाइल्सवर ते चार दिवस गुणी बाळासारखं राहतं. मग गौरी-गणपतीला आई हौसेने तुळशीसमोर सारवून रांगोळी काढते आणि टायगरला माहेर आठवतं. उलट नागपूरच्या फ्लॅटमधून आलेलं पिल्लू वर्तमानपत्रावर शिकलेलं असतं. रविवारी सकाळी आजोबा जमिनीवर पेपर पसरून, चष्मा पुसून, अग्रलेख वाचायला बसतात. टायगर येतो, थोडा वास घेतो, आणि अग्रलेखावर आपलं मत नोंदवतो. आजोबा रागावतात, पण पिल्लाने जे शिकवलं तेच केलेलं असतं. जागा चुकलेली नसते, पुरवणी चुकलेली असते.

किती वेळ धरून ठेवता येतं याचाही एक ढोबळ हिशेब आहे: वयाचे महिने अधिक एक, तितके तास. तीन महिन्यांचं पिल्लू फार तर चार तास, आणि तेही झोपलेलं असलं तर. खाल्ल्यावर पाव-अर्ध्या तासात, झोपून उठल्याबरोबर आणि खेळ रंगात आला की मधेच, या तीन वेळा नक्कीच्या. खाणकामगारांच्या आणि वीज केंद्राच्या वसाहतींत मात्र घड्याळ पाळीवर चालतं. घरचा माणूस या आठवड्यात पहिल्या पाळीला पहाटे निघतो, पुढच्या आठवड्यात रात्रपाळीहून सकाळी येऊन दुपारपर्यंत घोरतो. पाळी बदलली की टायगरचं जेवण बदलतं, फिरणं बदलतं, आणि सोमवारी सोफ्याखाली तळं दिसतं. पाळीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. तो कोणी कुत्र्याच्या नजरेने वाचत नाही.

गती हा वेगळाच मुद्दा. २०१४ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयांतल्या जनावरांना लघवी करताना घड्याळ लावलं. तीन किलोंहून जास्त वजनाच्या सस्तन प्राण्यांना मूत्राशय रिकामं करायला सारखाच वेळ लागतो, साधारण २१ सेकंद. हत्तीचं मूत्राशय अठरा लिटरचं, तरी २१ सेकंद. मोठी टाकी, पण नळीही तितकीच लांब-रुंद, त्यामुळे धार जोरात. म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरच्या हत्ती कॅम्पातला हत्ती आणि तुकुमातला वाढलेला कुत्रा यांना तितकाच वेळ लागायला हवा. या संशोधनाला पुढच्या वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या शोधांचं बक्षीस. पिल्लू तीन किलोंच्या आतलं असेल तर त्याला २१ सेकंदही लागत नाहीत. "धर, धर, बाहेर ने त्याले!" हे वाक्य पूर्ण होईपर्यंत विषय संपलेला असतो.

मग शिक्षा. घरातलं कोणीतरी अनुभवी माणूस सांगतं, त्याचं नाक त्यात घासा, जन्मात विसरणार नाही. विसरत नाही हे खरं. पण त्याच्या लक्षात राहतं ते इतकंच की या माणसासमोर करायचं नसतं. पुढच्या वेळी ते पलंगाखाली जाऊन करतं, आणि बाहेर नेल्यावर साखळीच्या दुसऱ्या टोकाला तोच माणूस उभा असतो म्हणून धरून ठेवतं. वीस मिनिटं बाहेर हिंडून, प्रत्येक खांबाचा वास घेऊन, कोरडं परत येतं आणि उंबरा ओलांडल्यावर सोडतं. शेजारीपाजारी याला बदमाशी म्हणतात.

"पण त्याले कळते नं! कशी मान खाली घालून बसला बघा!" हा पुरावा घराघरांत दिला जातो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याचीच परीक्षा घेतली. चौदा कुत्री, चौदा मालक, एक बिस्किट. मालकाने "खायचं नाही" म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कधी त्याला खरं सांगितलं, कधी खोटंच सांगितलं की कुत्र्याने बिस्किट खाल्लं. निष्पन्न काय, तर मान खाली, कान मागे, नजर चुकवणं हे सगळं मालक रागावला की दिसतं. कुत्र्याने काही केलं होतं की नव्हतं याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट न खाताच बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहरा सगळ्यात अपराधी होता. कुठल्याही सरकारी कचेरीत नव्याने लागलेल्या कारकुनाला हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही.

पिल्लू आनंदाने किंवा भीतीनेही थेंब-दोन थेंब सोडतं. बाबा दारात येतात, टायगर धावत जातो, उलथा पडतो आणि ओलं होतं. ही सवय मोडलेली नव्हे. त्यावर रागावलं तर ते वाढतं. उपाय म्हणजे बाबांनी आल्या आल्या फार कौतुक न करता चपला काढाव्यात, आत जावं, आणि पिल्लू शांत झाल्यावर खाली बसून बोलावं. हा उपाय बाबांना अपमानास्पद वाटतो, कारण घरात आल्यावर आनंदाने नाचणारं तेवढं एकच माणूस उरलेलं असतं.

फिनेलबद्दल दोन शब्द. फिनेलच्या वासाने माणसाचं नाक निवतं. कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा जुना वास जसाच्या तसा येतो आणि ते त्याच जागी पुन्हा जातं. अमोनियाचं रसायन तर आणखी वाईट, कारण लघवीतही तोच दर्प. एन्झाइमवाली कपड्यांची पावडर पाण्यात कालवून तिने जागा पुसली, वर साध्या पाण्याचा हात फिरवला, की बरंच काम होतं. फिनेलमधलं फिनॉल कुत्र्याच्या पंजाला आणि पोटालाही बरं नाही. पण दिवाळीत फिनेल न वापरलेली फरशी पुसलेली मानायला आजी तयार नसते.

फाटकाबाहेरच्या बाटल्यांचं काय करायचं हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो इथे विचारू. विदर्भातल्या कुठल्याही कॉलनीत फिरा. फाटकाशी, भिंतीवर, तुळशीमागे लाल किंवा निळ्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या दिसतील. कुत्री तिथे घाण करत नाहीत, असा ठाम विश्वास. कुत्र्याच्या डोळ्यांना दोनच मूळ रंग कळतात, निळा आणि पिवळा. जे नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली हे तपासून दाखवलं. लाल त्याला मळकट तपकिरीसारखा दिसतो. म्हणजे कुंकू कालवून केलेली लाल बाटली त्याच्या लेखी चहाची बाटली. नीळ घातलेली त्याला स्पष्ट दिसते, आणि स्पष्ट दिसणाऱ्या नव्या वस्तूवर खूण करणं हे नर कुत्र्याचं कर्तव्यच. रोज सकाळी बाटल्यांच्या रांगेतली एक आडवी पडलेली असते. मालक ती उभी करतात.

आता रात्रीचा भाग, आणि इथे पुस्तकं संपतात. जगभरातली सगळी मार्गदर्शनं सांगतात: लहान पिल्लाला रात्री एकदा उठवा, साखळी लावा, बाहेर न्या, न बोलता उभे राहा, झालं की शाबासकी द्या. लिहिणाऱ्याने दुर्गापूर बघितलेलं नाही. ऊर्जानगर, दुर्गापूर, ताडोबाच्या बफरमधली गावं, इथे रात्री दोन वाजता कुंपणाशी कुत्र्याचं पिल्लू घेऊन न बोलता उभं राहणं म्हणजे बिबट्याला ताट वाढणं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली तेव्हा वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के खाद्य पाळीव जनावरांचं निघालं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. तो ऊसपट्टा. इथे तर जंगल दाराशी.

यात गंमत करण्याजोगं फारसं नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या बाजूला रात्री लघुशंकेला माणसंच बाहेर पडेनात, पिल्लाचं तर सोडाच.

म्हणून इथल्या माणसांनी आपलं शास्त्र बसवलं आहे. मागच्या न्हाणीत किंवा बंद व्हरांड्यात एक जुनं घमेलं ठेवायचं, त्यात रेती आणि टायगरने दिवसा जिथे केलं तिथली मूठभर माती. वासामुळे त्याला जागा कळते. संध्याकाळचं जेवण सातच्या आत, झोपायच्या आधी एक फेरी अंगणातले सगळे दिवे लावून, साखळी हातात, माणसं दोन. रात्री फक्त घमेलं. पुस्तकवाले म्हणतील, अशाने दोन जागा शिकतो, गोंधळ होतो. होतो थोडा. पण गोंधळलेलं पिल्लू हे नसलेल्या पिल्लापेक्षा केव्हाही बरं. अडचण वेगळीच येते, ती म्हणजे रेती. घाटांचे लिलाव, परवाने, रात्रीचे ट्रॅक्टर हे सगळं इथे रोजच्या बातम्यांत असतं. बांधकामाला रेती मिळेना अशा दिवसांत कुत्र्याच्या घमेल्यासाठी दोन किलो मागायला गेलेल्या माणसाकडे ठेकेदार निरखून बघतो.

पिल्लाला रात्री पिंजऱ्यात झोपवण्याची पद्धतही आता आली आहे. अंगापुरता पिंजरा असला तर पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही. पद्धत चांगली, पण ती या जिल्ह्यात शेजाऱ्यांच्या कानावर घालताना जपावं. "आम्ही कालच पिंजरा आणला," असं वहिनींनी सांगितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती वाजता दिसला?" आणि तासाभरात गल्लीतली पोरं घरात कोंडलेली असतात.

टायगर आठ महिन्यांचा होतो. सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि एका सकाळी तो तंगडी वर करतो. दाराची चौकट, सायकल, गॅसचं सिलिंडर, पाहुण्यांची सूटकेस. ही लघवी नव्हे, हे निवेदन आहे, आणि ते वाचायला दुसरं कुत्रं घरात नाही एवढंच. ब्रिटनमधल्या लूसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये दाखवून दिलं की आठ महिन्यांच्या वयात कुत्री आपल्या माणसाचं कमी ऐकतात, परक्याचं मात्र ऐकतात. मालकाने "बस" म्हटलं की ढिम्म. अनोळखी माणसाने म्हटलं की बसलं. ज्या घरात दहावीचं मूल आहे त्यांनी हे संशोधन फ्रेम करून लावावं. मुलगा आणि टायगर दोघंही शेजारच्या काकांचं ऐकतात, आणि काका दोन्ही घरांना सल्ले देत फिरतात.

तंगडी किती वर जाते यावरही अभ्यास झाला आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या बेटी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मोजून सांगितलं की छोटी कुत्री अंगाच्या मानाने तंगडी जास्त वर नेतात, म्हणजे खूण उंच लागते आणि वास घेणाऱ्याला वाटतं की कोणी मोठा गडी येऊन गेला. जटपुरा गेटाजवळचा एखादा पॉमेरियन मागचे दोन्ही पाय हवेत नेण्याच्या बेतात उभा असतो तो यासाठी. निवडणुकीच्या दिवसांत त्याच भिंतीवर वरपर्यंत लागलेले फलक बघताना हे संशोधन आठवतं. वयात आलेल्या नराची नसबंदी केली तर खुणा करणं बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं; सगळ्यांत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तर नाहीच.

बदली झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. गडचिरोली जिल्ह्यात बदलून येणारा सरकारी माणूस स्वतःला सावरेपर्यंत महिना जातो, त्याच्या कुत्र्याला आणखी वेळ लागतो. नागपुरात गॅलरीतल्या फरशीवर शिकलेला टायगर अहेरीच्या क्वार्टरमध्ये येतो. समोर एकरभर गवत, झाडं, मोकळी हवा. तो तिथे मनसोक्त बागडतो, वास घेतो, आणि काम करायला आत येऊन बाथरूमची फरशी शोधतो. गवत ही बसायची जागा आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्यात पावसाळा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो हे वर्षानुवर्षांचं. त्या दिवसांत अंगण आणि नदी यात फरक राहत नाही. टायगर दारात उभा राहून पावसाकडे बघतो, मालकाकडे बघतो, आणि मागे वळतो. मग गावकऱ्यांना बघायला मिळतं की साहेब स्वतः भिजतायत आणि छत्री कुत्र्यावर धरलीय.

अशा घसरगुंडीवर खरा इलाज एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक पुन्हा लावायचं. घरभर मोकळं सोडायचं नाही, एका खोलीत डोळ्यासमोर ठेवायचं. दर दोन तासांनी त्याच जागी न्यायचं आणि उभं राहायचं. झालं की तिथल्या तिथे, घरात आल्यावर नव्हे, चिमूटभर पोळी किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आणि झाल्या झाल्या साखळी ओढून परत आणायचं नाही. लघवी केली की हिंडणं संपतं असं एकदा पिल्लाला कळलं की ते लघवी लांबवतं. सोबत एक ठरलेला आवाज. मराठी आया तान्ह्याला पायांवर बसवून "शूऽऽ" करत आल्या आहेत, तोच आवाज पिल्लालाही लागू पडतो. फक्त तो चौकात, चार माणसांत, पस्तिशीच्या भारदस्त गृहस्थाने काढायचा असतो.

रानकुत्र्यांना हे कोणी शिकवत नाही. ताडोबात ज्यांना कोळसून म्हणतात ती मंडळी जंगलवाटांच्या चौकात ठरावीक जागी सगळा कळप मिळून विष्ठा करतात, आणि नीलगायींचेही लेंड्यांचे ढीग एकाच जागी साचलेले दिसतात. महापालिकेला इतकी सार्वजनिक सोय अजून जमलेली नाही.

वेळापत्रक दोन आठवडे नीट पाळूनही तळी थांबली नाहीत, टायगर सारखा बसतो आणि थेंबच पडतात, किंवा रंग लालसर दिसतो, तर मात्र चप्पल, घमेलं आणि सगळे सिद्धांत बाजूला ठेवून जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाची वाट धरावी. मूत्रमार्गाचा संसर्ग झालेलं पिल्लू घरात करतं ते त्याला थांबवता येत नाही म्हणून. तिथे रांगेत पुढे फुगलेल्या पोटाची शेळी असते, मागे खांदा आलेला बैल, आणि मधे मांडीवर कुत्रं घेतलेलं कुटुंब जरा ओशाळून बसतं. डॉक्टर तपासतात, पोट चाचपतात आणि सांगतात, "सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत आणून द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे सारं घर अंगणात. थोरला टॉर्च धरून, धाकटा बाटली धरून, बाबा स्वयंपाकघरातली लांब दांड्याची पळी घेऊन टायगरच्या मागे वाकलेले. महिनाभर ज्याने सोफा, सिलिंडर आणि अग्रलेख सोडला नव्हता तो टायगर पळीकडे वळून बघतो, तिचा वास घेतो, आणि खाली बसतो. "शूऽऽ" होतं. पुन्हा "शूऽऽ" होतं. पेपरवाला सायकल थांबवून बघत उभा राहतो. शेवटी उन्हं अंगणात येतात तेव्हा टायगर उठतो, तंगडी उचलतो, आणि बाबा झेप घेऊन अर्धी पळी मिळवतात. विजयी मुद्रेने ते पळी उंच धरून आत येऊ लागतात, तोच उंबऱ्यात आजी आडवी होते.

"ते पळी आता घरात आणाची नाही, सांगून ठेवतो. आन् कालची कढी कोणत्या पळीनं वाढली होती, ते बी सांग मले."